शिक्का का दिला नाही

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा बाबांसोबत माझ्या हिशेब-कराच्या ऑफिसात आलीस आणि मी तोंडावर 'नाही' म्हटलं. तुझा चेहरा उतरलेला मला दिसला. बाबांची माझी पंचवीस वर्षांची ओळख, त्यामुळे तू काम न करताही चार क्रेडिटच्या, म्हणजे चार श्रेयांकांच्या, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र काका सही-शिक्का मारून देतील असं तुम्हाला वाटणं साहजिक होतं. जीएसटी रिटर्नच्या गडबडीत कारण सांगायचं राहून गेलं.

असा शिक्का मी एकदा दिला आहे. शेजारचाच मुलगा होता, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा. पुढे नागपुरातल्या इतवारीच्या एका किराणा व्यापाऱ्याने माझी सही पाहून त्याला नोकरीवर ठेवलं. पहिल्याच महिन्यात पोराने मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याहून आलेल्या मालाची बिलं सीजीएसटी-एसजीएसटीत, म्हणजे राज्यातल्या राज्यात झालेल्या व्यवहाराच्या करात, टाकली. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, आपले २७, मध्य प्रदेशचे २३. तिकडून माल आला की आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांतल्या व्यवहाराचा कर. बिल हातात धरून हे शिकायला अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास मी त्याला दिलाच नव्हता. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जुळेना, शेठजी चिडले, पोराची नोकरी गेली. त्याची आई आजही माझ्याशी नीट बोलते, आणि मला जास्त लागतं ते तेच.

म्हणून तू काम करायलाच ये. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, हिशेबात इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, चार क्रेडिटचे १२० झाले. रोज सहा तास बसलीस तर वीस दिवस. महिन्याच्या १ तारखेलाच सुरुवात कर, मधेच नको. दरमहा रिटर्न भरणाऱ्या पार्ट्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, ११ तारखेपर्यंत जातं, १४ ला २बी, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटचा तक्ता, तयार होतं, २० पर्यंत ३बी, म्हणजे कर भरण्याचं एकत्रित विवरण, भरावं लागतं. १ ला आलीस तर रविवार धरूनही हे पूर्ण चक्र तुला दिसेल. १५ ला आलीस तर अर्धं कळेल, आणि अर्धं कळलेलं खातं फार घोटाळे करतं. पहिला आठवडा बिलं लावण्यात आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करण्यात जाईल. कंटाळा येईल, तरी कर. दहा तारखेला एखादी पार्टी थैलीभर चुरगळलेली बिलं आणून टाकते, ती तारखेप्रमाणे लावताना धंदा कसा चालतो ते समजायला लागतं.

कॉलेजचं पत्र आणि माझं संमतिपत्र आधी जमा कर. कॉलेजचे मार्गदर्शक सर वेगळे, इथे मी वेगळा. दोघांच्या सह्या लागतील. बाकी नमुने तुझ्या विभागाच्या पुस्तिकेत बघ, प्रत्येक कॉलेजचे थोडे निराळे असतात.

रोजनिशीचं मात्र जरा बारकाईने सांगतो. ती त्याच संध्याकाळी लिहायची. शेवटच्या रात्री वीस दिवसांची एकदम लिहिलेली वही मी लगेच ओळखतो, कारण तिच्यात रोज 'आज टॅलीत नोंदी केल्या' एवढंच असतं. तुझ्या वहीत कुठली नोंद अडली, कुणाला विचारलं, काय चुकलं हे यायला हवं. तोंडी परीक्षेत सर विचारतील तेव्हा तुला तेच आठवेल. चुका लिहायला घाबरू नकोस, चूक दिसली म्हणून मी सही अडवणार नाही. हजेरीत खोटा दिवस दिसला तर अडवीन.

व्यापाऱ्याचं नाव, उलाढाल, पॅन यांतलं काहीही अहवालात येता कामा नये. 'एक किराणा घाऊक विक्रेता' एवढं पुरे. मोबाइलवर बिलांचे फोटो काढायचे नाहीत. जीएसटी पोर्टलचा ओटीपी कुणी सांगितला तरी तू टाकायचा नाहीस, मी सांगितला तरी. लोक आपल्या घरातल्या गोष्टी आपल्याकडे ठेवून जातात, बेटा.

आणखी एक, आईलाही वाचून दाखव. आमच्या ऑफिसात सहाच माणसं आहेत. दहापेक्षा कमी माणसं असतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती नसते, पण २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती आहे आणि प्रशिक्षणार्थी मुलीलाही तिथे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. मालकाविरुद्धही करता येते, म्हणजे माझ्याविरुद्धही. तुला हे पहिल्या दिवसाआधी माहीत असलं पाहिजे.

विद्यावेतन मोठं देता येणार नाही. येण्याजाण्याचं भाडं आणि दुपारचा डबा माझ्याकडे. पैशांचं आधी बोललेलं बरं, नंतर मन खट्टू होतं.

१ तारखेला साडेदहाला ये. मेट्रोने अग्रसेन चौकात उतर, तिथून गांधीबाग जवळच आहे. ऊन कडक आहे, दुपट्टा बांधून आणि पाण्याची बाटली घेऊन निघ. कॉलेजचं पत्र आण, एक शंभर पानी वही आण. पहिलं बिल छिंदवाड्याचंच काढून ठेवतो.

तुझा,
काका