वॉशिंग मशीन आणि ड्रायर एकावर एक ठेवून कपाटात बसवायचे आहेत. सुतार म्हणतो २४ इंच रुंदी पुरते. खरंच पुरते का? आणि कपाटाला दार लावलं तर चालतं का?

नाही पुरत. मशीन अजून घेतलेलं नसेल तर सुताराला आजच फोन करून थांबवा. आधी मशीन घरात येऊ दे, मग कपाट. आम्ही उलटं केलं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

आमचं कपाट धाकट्या दिरांनी आखलं. भावजी फर्निचरची कामं घेतात, हात चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं की मशीन येऊ द्या, पाईप लागू द्या, मग माप घ्या. तर म्हणाले, "वहिनी, मशीन म्हणजे शेवटी एक डबा. माहितीपत्रकात माप दिलेलं असतं." आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे दोघांकडे बघून मान डोलावली.

माहितीपत्रकात माप होतंच. रुंदी ६०, खोली ६०, उंची ८५ सेंटिमीटर. भावजींनी २४ इंच, म्हणजे ६१ सेंटिमीटरचा गाळा काढला, खोलीही तेवढीच, मागे प्लायची फळी, पुढे सनमायका लावलेलं शटर. रिकामं कपाट दिसायला इतकं सुबक होतं की मलाच वाटलं, आपण उगाच कटकट केली.

मशीन आलं तेव्हा कळलं की त्या ६० सेंटिमीटर खोलीत मागचे पाईप धरलेले नसतात. पाण्याचा पाईप मागून निघून वळतो, त्या वळणालाच सात-आठ सेंटिमीटर लागतात. पुढे काचेच्या दाराचा फुगवटा असतो, तोही बऱ्याचदा त्या आकड्यात नसतो. मशीन चांगलं चार बोटं बाहेर आलं आणि शटर लागेना. भावजींनी मागची फळी कापून काढली आणि दोघांनी मिळून मशीन भिंतीला टेकेपर्यंत रेटलं. शटर लागलं. टाळ्या.

पहिलीच धुलाई अर्ध्यावर अडकली. ड्रममध्ये गुडघाभर, म्हणजे कपड्यांच्या गुडघाभर, पाणी तसंच. मशीन घरघर करतंय, पाणी सोडत नाहीये. वापरलेलं पाणी बाहेर सोडणारा करड्या रंगाचा पन्हाळीदार पाईप भिंत आणि मशीनच्या पाठीत चेपून सपाट झाला होता. आता मशीन बाहेर ओढायचं. पुढून उघडणारं मशीन सत्तर किलोच्या आसपास असतं, कारण ड्रमच्या गरगरण्याने ते नाचू नये म्हणून आत काँक्रीटचं वजन बसवलेलं असतं. आणि दोन्ही बाजूंना जागा किती, तर अर्धा-अर्धा सेंटिमीटर. बोटं घालायची कुठे? शेवटी खाली पुठ्ठा सरकवून इंच-इंच ओढलं. त्यात डाव्या कडेची पट्टी सनमायकासकट उचकटून आली. ती अजून तशीच आहे, मुद्दाम चिकटवलेली नाही.

तर रुंदीचं उत्तर हे. ६० सेंटिमीटरच्या मशीनला गाळा आतून-आतून ६४-६५ तरी हवा. प्रश्न मशीन आत जाण्याचा नाही, ते हलण्याचा आहे. मिनिटाला १२००-१४०० फेऱ्यांनी कपडे पिळले जातात तेव्हा आतला ड्रम स्प्रिंगांवर झुलतो आणि अख्खं मशीन थरथरतं. बाजूची फळी जवळ असेल तर त्यावर आपटत राहतं. आमच्याकडे सहा महिने रोज तो आवाज होता. भावजी म्हणायचे, "नवीन आहे, हळूहळू बसेल." मशीन काय चप्पल आहे, बसायला? गाळ्याच्या तळाला प्लाय न टाकता मशीनचे पाय थेट फरशीवर टेकवून पाणसळीने सपाट केले, तेव्हा निम्मा आवाज गेला. उरलेला निम्मा त्या अर्ध्या सेंटिमीटरचा.

खोली ६० च्या मशीनला ७२-७५ धरा. कपड्यांच्या कपाटाच्या रांगेत हे कपाट एका रेषेत बसवायचा हट्ट असेल तर सोडा. नाहीतर कमी खोलीचं मशीन घ्या.

आता दार. इथे माझं मत ठाम आहे. ड्रायर चालू असताना दार बंद असता कामा नये. आमचा ड्रायर हीट पंपवाला, म्हणजे दमट हवा बाहेर फेकणारा पाईप नाही, आतल्या आत पाणी वेगळं काढतो. भावजींचा युक्तिवाद असा की वाफ बाहेर येतच नाही तर दार बंद ठेवायला हरकत काय. हरकत ही की उष्णता तर निघतेच, थोडा दमटपणाही निघतो, आणि ड्रायरला भोवतालची मोकळी हवा लागते. बंद कपाटात तो स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो. कपडे वाळायला दुप्पट वेळ लागायला लागला. एकदा मी मध्येच शटर उघडलं तर वरच्या फळीच्या खालच्या अंगाला थेंब लोंबत होते, ओळीने, आणि त्या फळीवर ठेवलेल्या साबणाच्या पावडरीचा दगड झालेला. वर्षभरात त्या फळीची कड फुगून उकलली. पाण्यात टिकणारा प्लाय शटरला वापरला होता आणि आतल्या फळ्या मात्र साध्या, हे तेव्हा उघडकीला आलं.

मग मी ड्रायरबरोबर आलेली पुस्तिका काढून वाचली. आधी वाचायला हवी होती, मान्य. त्यात स्पष्ट लिहिलंय की कुलूप लागणाऱ्या दारामागे, सरकत्या दारामागे किंवा ड्रायरच्या दाराच्या उलट्या बाजूला बिजागरी असलेल्या दारामागे ड्रायर अशा रीतीने बसवू नये की त्याचं दार पूर्ण उघडणार नाही. बहुतेक ड्रायरच्या पुस्तिकांत हे वाक्य सापडेल. आमचं शटर उजव्या बिजागरीचं, ड्रायरचं दार डावीकडे उघडणारं. ते पान मी भावजींना दाखवलं. ते म्हणाले, "कंपन्या स्वतःच्या बचावासाठी काहीही लिहितात."

एक गोष्ट कोणीच सांगत नाही, ती म्हणजे घरातल्या माणसांची उंची. ड्रायर वरच असतो, कारण मशीन जड आणि थरथरणारं, ते वर ठेवायचंच नाही. मधे जोडपट्टी लागते, त्याच मॉडेलला चालणारी. नुसता वर ठेवलात तर कधीतरी घसरून खाली येईल. म्हणजे दोन्ही मिळून पावणेसहा फुटांच्या आसपास उंची. माझी उंची पाच फूट. ड्रायरमधलं साठलेलं पाणी ज्या खणात जमतं तो खण बहुतेक ड्रायरमध्ये सगळ्यात वर, बटणांच्या शेजारी असतो. म्हणजे काही लिटर पाण्याने भरलेला लांबट खण मी डोक्याच्या वरून ओढून काढायचा. पहिल्या आठवड्यातच अंघोळ झाली. पुष्कळ ड्रायरना तेच पाणी पाईपने थेट गटारीच्या नळीत सोडायची सोय असते, ती पहिल्या दिवशीच करून घ्या. भावजींची उंची पाच फूट अकरा इंच आहे आणि त्यांच्या घरी कपडे कोण वाळवतं ते सगळ्यांना माहीत आहे.

प्लगचा पॉइंट आणि पाण्याची तोटी मशीनच्या मागे नको, शेजारच्या खणात हवी, म्हणजे काही झालं तर हात पोचतो. आणि खाली शोभेची पट्टी ठोकून घेऊ नका. मशीनच्या पुढच्या अंगाला खालच्या कोपऱ्यात जाळीचं झाकण असतं, नाणी, पिना, बटणं तिथे अडकतात. आमची पट्टी खिळ्यांनी ठोकलेली होती. एका केसांच्या पिनेसाठी ती पटाशीने उचकटावी लागली.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुमचा ड्रायर बाहेर हवा फेकणाऱ्या जातीचा असेल, तर त्याचा साधारण चार इंची पाईप थेट घराबाहेर न्यायलाच हवा. तसं जमत नसेल तर तो कपाटात बसवूच नका. उलट, कपाटात बसवण्यासाठीच बनवलेली मशीनं मिळतात, त्यांच्या अंगावरच शटर लावायची सोय असते. त्यांना माझी मापं लागू नाहीत, त्यांच्या पुस्तिकेतली पाळा. आणि दार हवंच असेल तर पट्ट्यापट्ट्यांचं, हवा खेळेल असं करा, वर आणि खाली फटी ठेवा, बिजागरी ड्रायरच्या दाराची ज्या बाजूला आहे त्याच बाजूला घ्या. तरीही वाळवताना उघडं टाका.

आमचं शटर मी काढून टाकलं. कपाट आता उघडंच असतं, कपडे वेळेत वाळतात. भावजी आले की बोळातून जाताना एकदा तिकडे बघतात आणि ह्यांना म्हणतात, "मशीनच खराब निघालं तुमचं." शटर पलंगाखाली आहे. हवं असेल तर त्यांनी घेऊन जावं, बरोबर २४ इंचांचं आहे.