वाचकांचे प्रश्न : घरातला स्टोव्ह, चिमणीचा धूर आणि काउन्सिलचं पत्र

थंडी सुरू झाली की इंग्लंडमधल्या वाचकांकडून लाकडाच्या स्टोव्हबद्दल प्रश्न येतात. त्यातले चार इथे घेतले आहेत. खालचे नियम इंग्लंडचे आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडमधली व्यवस्था वेगळी आहे, तिथल्या वाचकांनी आपल्या काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, चौकशी करावी.

प्रश्न : लंडनच्या हॅरो भागात घर घेतलं. बैठकीच्या खोलीत लाकडाचा स्टोव्ह आहे. दोन आठवडे पेटवला आणि काउन्सिलचं पत्र आलं की तुमच्या चिमणीतून धूर येतो. मग इथे लाकूड जाळायला बंदी आहे का?

सरसकट बंदी नाही. कुठे, कशात आणि काय जाळता, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचं धुकं बसलं. सुमारे चार हजार माणसं गेली असा तेव्हाचा अंदाज होता, नंतरच्या अभ्यासांनी तो बराच वाढवला. त्यातून १९५६चा क्लीन एअर ॲक्ट आला आणि एखादा भाग 'स्मोक कंट्रोल एरिया', म्हणजे चिमणीच्या धुरावर निर्बंध असलेलं क्षेत्र, म्हणून जाहीर करायचा अधिकार काउन्सिलांना मिळाला. आज त्याच्या जागी १९९३चा कायदा लागू आहे. लंडनचा बराचसा भाग अशा क्षेत्रात मोडतो. तुमचा पत्ता त्यात येतो का, हे काउन्सिलच्या नकाशावर आधी पाहा.

येत असेल तर दोनच वाटा. एक म्हणजे मान्यताप्राप्त इंधन, उदाहरणार्थ अँथ्रासाइट किंवा धूरविरहित विटा. स्टोव्ह त्या इंधनासाठी बनवलेला असेल, तर ते कोणत्याही स्टोव्हमध्ये चालतं. लाकूड या यादीत नाही. लाकूडच जाळायचं असेल तर स्टोव्ह 'डेफ्रा एक्झेम्प्ट', म्हणजे डेफ्रा या सरकारी पर्यावरण खात्याकडून सूट मिळालेला हवा. स्टोव्हच्या मागे किंवा खाली धातूची पट्टी असते. तिच्यावरचं मॉडेलचं पूर्ण नाव सरकारी यादीशी जुळवा. एखादं अक्षर किंवा आकडा वेगळा असेल तर ते मॉडेलही वेगळं. 'इकोडिझाइन' (कमी प्रदूषणाच्या स्टोव्हचं मानक) लिहिलंय म्हणून सूट आहे, असं पुष्कळ जण धरून चालतात, पण ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत. शिवाय सूट ठरावीक इंधनापुरती असते. लाकडासाठी सूट मिळालेल्या स्टोव्हमध्ये साधा कोळसा टाकला की ती सूट उरत नाही.

पत्राकडे दुर्लक्ष मात्र करू नका. पहिलं पत्र बहुधा माहितीचं असतं. धूर चालूच राहिला तर दंड लावण्याच्या इराद्याची नोटीस येते. तिच्यावर हरकत घ्यायला २८ दिवस असतात, त्यानंतर अंतिम नोटीस. दंड १७५ ते ३०० पौंड. सूट नसलेल्या स्टोव्हसाठी अमान्य इंधन विकत घेतलं तर तो वेगळा गुन्हा आहे आणि त्याचा दंड १,००० पौंडांपर्यंत जातो.

स्टोव्ह बसवल्याचं प्रमाणपत्र घर विकणाऱ्याकडून मागून घ्या. ते मिळालं नाही तर हेटास (असे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी असलेल्या माणसाकडून तपासणी होईपर्यंत स्टोव्ह पेटवू नका. त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, स्टोव्हपासून एक ते तीन मीटरवर. छतावर लावलात तर भिंतीपासून ३० सेंटिमीटर तरी दूर. स्टोव्ह ५ किलोवॉटपेक्षा मोठा असेल तर बाहेरून हवा घेणारी कायमची जाळी लागते. 'गार वारा येतो' म्हणून ती बोळा घालून बंद केलेली बऱ्याच घरांत दिसते. हा जिवाशी खेळ आहे.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट होते. फोडणी देताना स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट जोरात लावला की तो घरातली हवा ओढतो, आणि तिची भरपाई चिमणीतून उलटी होते. धूर खोलीत येतो आणि त्याबरोबर न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइडही. स्टोव्ह पेटलेला असताना पंखा लावायचाच असेल तर स्वयंपाकघराची खिडकी उघडून मधलं दार लावून घ्या.

प्रश्न : शेतावरून 'वाळलेलं' लाकूड स्वस्तात आणलं. स्टोव्हची काच तासाभरात काळी होते आणि छतावर करडा धूर दिसतो. स्टोव्ह खराब आहे का?

लाकूड ओलं आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असतं. म्हणजे किलोभर लाकूड टाकलं की अर्धा लिटर पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते. आग थंड राहते, लाकडातून निघणारा वायू न जळताच वर जातो आणि चिमणीच्या गार भिंतीवर डांबरासारखा बसतो. पुढे एखाद्या दिवशी चिमणीला आग लागते ती या थरामुळे.

१ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये २ घनमीटरपेक्षा कमी सरपण विकायचं तर ओलावा २० टक्के किंवा कमी हवा आणि त्यावर 'रेडी टू बर्न'चं, म्हणजे जाळायला तयार असल्याचं, चिन्ह हवं. मोठ्या गाडीभर मालाला ही अट नाही, तिथे विकणाऱ्याने वाळवण्याच्या सूचना द्यायच्या असतात. तुमचा माल बहुधा तसाच आला असावा. घरगुती दगडी कोळशाची पोत्यातली विक्री त्याच दिवशी थांबली, सुट्या कोळशाची १ मे २०२३ ला.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र घ्या. त्याच्या सुया सालीत किंवा ओंडक्याच्या टोकाला टोचू नका, तिथे लाकूड आधी वाळतं आणि आकडा फसवतो. ओंडका कुऱ्हाडीने उभा फोडा आणि आतल्या ताज्या पृष्ठभागाच्या मधोमध टोचा. पंचवीस-तीस टक्के दाखवलं तर ते लाकूड यंदा जाळण्याजोगं नाही. २५ सेंटिमीटर लांबीचे तुकडे करा, दहा सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नका, पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर) जमिनीपासून उचलून रचा. झाकण फक्त वरून, बाजू वाऱ्याला मोकळ्या. ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळलेला ढीग वाळत नाही, त्याला बुरशी येते. मऊ लाकडाला साधारण एक वर्ष, ओकला दोन किंवा जास्त.

पेटवण्याची पद्धतही बदला. चुलीत आपण खाली चिपाडं आणि वर लाकूड रचतो. इथे उलटं करायचं. तळाला दोन-तीन जाड तुकडे, त्यांवर आडव्या-उभ्या बारीक काटक्या आणि अगदी वर पेटवण. आग वरून खाली येते, त्यामुळे खालच्या लाकडाचा वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळतो. हवेची झडप सुरुवातीला पूर्ण उघडी ठेवा आणि ज्वाळा जोर धरल्यावर हळूहळू कमी करा. धुराच्या नळीवर थर्मामीटर लावलात तर काटा साधारण १२० ते २४० अंश सेल्सिअसमध्ये राहिला पाहिजे. रात्री झोपताना स्टोव्ह ठासून भरायचा आणि हवा बंद करायची, ही सवय सर्वांत वाईट: सकाळपर्यंत विस्तव टिकतो, पण रात्रभर शेजाऱ्यांच्या खिडकीत धूर जातो. चिमणी वर्षातून एकदा, रोज पेटवत असाल तर दोनदा साफ करून घ्या.

प्रश्न : मागच्या बागेत होळी पेटवली तर चालते का? आणि लाकडी कोळशावर वांगी भाजायची असतील तर?

भरीत खुशाल करा. बागेतली शेगडी, बार्बेक्यू किंवा अग्निकुंड यांचा धूर घराच्या छतावरच्या चिमणीतून जात नसेल, तर स्मोक कंट्रोलचा नियम त्यांना लागत नाही. कोळसा मात्र घरात किंवा बंद गॅरेजमध्ये आणू नका, निखारे विझल्यासारखे दिसत असले तरीही.

होळीवरही थेट बंदी नाही. पण धूर शेजाऱ्यांना त्रासदायक ठरला तर काउन्सिल १९९०च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तो थांबवण्याची नोटीस देऊ शकते, आणि धूर रस्त्यावर जाऊन वाहतुकीला धोका झाला तर दंड होतो. कोरडं, न रंगवलेलं लाकूड थोडंसं घ्या. जुनं फर्निचर, रंगीत फळ्या, प्लास्टिक काही नको. शेजाऱ्यांना आधी सांगा, त्यांचे कपडे दोरीवर असतील.

प्रश्न : शेजारच्या चिमणीचा धूर मुलाच्या खोलीत येतो. त्याला दमा आहे. तक्रार कशी करावी?

आधी शेजाऱ्यांशी बोला. बऱ्याच जणांना आपली चिमणी बाहेरून कशी दिसते ते ठाऊकच नसतं. फरक पडला नाही तर दोन आठवडे वही ठेवा: तारीख, धूर सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, रंग, वास, वाऱ्याची दिशा आणि मुलाला झालेला त्रास. चिमणीचं टोक आणि धूर एकाच चौकटीत येईल असा वेळेसह व्हिडिओ घ्या. पेटवतानाची पाच-दहा मिनिटं अधिकारी फारशी धरत नाहीत, म्हणून त्यानंतरचं चित्रण महत्त्वाचं. हे सगळं काउन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे द्या आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नियम दिसणाऱ्या धुरावर बोट ठेवतात. सूट मिळालेला स्टोव्ह आणि कोरडं लाकूड असलं तरी पीएम २.५चे सूक्ष्म कण निघतातच, आणि दार उघडून लाकूड घालताना ते खोलीतही येतात. म्हणून घरात दम्याचं मूल असेल आणि रेडिएटर चालू असतील, तर आपला स्वतःचा स्टोव्ह शोभेपुरता पेटवणंही आम्हाला पटत नाही. मुलाच्या खोलीची खिडकी संध्याकाळी बंद ठेवून दुपारी हवा खेळती करा आणि रात्री हेपा फिल्टरचं, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण गाळणारं, यंत्र पलंगाजवळ ठेवा. तक्रारीचा निकाल लागायला वेळ लागतो.