गॅस स्पोरच्या चित्रावरून तो दुबळा आहे हे कळतं का? (स्वतः चित्र काढून हे विचारणाऱ्या निपाणीच्या खेळगटासाठी)

नाही, नुसत्या चित्रावरून कळत नाही, आणि कळू नये हीच त्याची गंमत आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या कल्पनारम्य खेळातला गॅस स्पोर म्हणजे बिहोल्डरचं (मधे एक मोठा डोळा आणि वर डोळ्यांचे दहा देठ असलेल्या तरंगत्या राक्षसाचं) सोंग घेतलेलं तरंगतं अळंबं. आपल्याकडच्या ज्वारीच्या रानातलं बुजगावणंच म्हणा की. 2014 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) फक्त 1 आहेत, आर्मर क्लास (त्याला फटका लागायला लागणारा आकडा) 5 आणि वेग एका फेरीत 10 फूट. खरं रूप ओळखायला खेळाडूला निसर्गज्ञानाची 15 ची चाचणी (वीस बाजूंचा फासा टाकून बेरीज 15 किंवा जास्त) पार करावी लागते, म्हणजे नियमच गृहीत धरतात की बघणारा फसणार. तुम्ही म्हणता तसं तुमच्या चित्रात मधला डोळा चकचकीत, बुबुळासकट काढलाय. तो तर सरळ बिहोल्डर झाला. खूण ठेवायचीच असेल तर:

- मधला डोळा आंधळा, फिकट डागासारखा
- वरचे दहा देठ डोळ्यांऐवजी मुळांसारखे
- कातडी खानापूरकडच्या पावसाळी अळंब्यासारखी

पहिल्या दोन खुणा पुरेत, तिसरी हौस. मात्र दुबळा म्हणजे निरुपद्रवी नव्हे. मेला की फुटतो, आणि 20 फुटांच्या आतल्या प्रत्येकाला 15 ची सहनशक्तीची (कॉन्स्टिट्यूशन) चाचणी चुकली तर सहा बाजूंच्या तीन फाशांइतकं, सरासरी 10, विषारी नुकसान होतं, वर रोगही लागतो. पहिल्या पातळीचा, म्हणजे नवखा, जादूगार तेवढ्यात आडवा होतो, तेव्हा पोरांना तलवारीपेक्षा धनुष्य हातात घेऊ द्या, म्हणजे लांबूनच मारता येईल.