जुना मिक्सर टिकला, नवा का टिकत नाही?

प्रश्न : सासूबाईंचा मिक्सर माझ्या लग्नाच्या आधीचा, वीस-बावीस वर्षं चालला. नवा मात्र तिसऱ्याच वर्षी जळका वास मारून बंद पडला. दुकानदार म्हणतो, "मोटर गेली, नवाच घ्या." हल्ली कंपन्या मुद्दामच तकलादू माल काढतात का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, बेळगावच्या उद्यमबागेत मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळण्यात माझी उमर गेली. आधी तुमच्या मिक्सरचं बघू, कंपन्यांचं मागाहून.

जार उलटा करून खालचा बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, हलवून बघा. तो सैल झाला असेल तर चटणीचं पाणी तिथून झिरपून शाफ्टवरून मोटरीत उतरतं आणि वरचं बेअरिंग गंजतं. बेअरिंग जाम झालं की मोटर तापणारच. त्यात संकेश्वरी मिरची आणि सुकं खोबरं एका दमात फिरवलं असेल तर बघायलाच नको. मोटर गार झाल्यावर तळाचं ओव्हरलोडचं (जास्त ताण आला की मोटर बंद करणारं) लाल बटण दाबा. तरी हलला नाही तर मिस्त्रीला कार्बन, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला वीज देणारे छोटे ठोकळे, काढून दाखवायला सांगा. झिजून हरभऱ्याएवढे उरले असतील तर आधी ते बदला. तो खर्च किरकोळ आहे.

आता सासूबाईंचा मिक्सर. त्यात कपलर (मोटर आणि जार जोडणारी चकती), कार्बन कितीदा घातले, ते त्यांनाच विचारा. तेव्हा मिक्सर घेणं म्हणजे पगाराला खिंडार, म्हणून माणूस दुरुस्त करून करून वापरायचा. आणि त्याच साली घेतलेले जे भंगारात गेले, त्यांची आठवण कोण काढतो?

माल हलका झालाय, हेही खरंच. स्वस्त मोटरीत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा तिचा रोध दीडपटीहून जास्त, म्हणून जाडी वाढवली नाही तर ती जास्त तापते. टोक तुटलं तर डाग द्यायला साधं कथील धरत नाही. वरून ओळखू येईलच असं नाही, कारण कधी तारेवरचं वार्निशच तांबडं असतं. ब्लेडनं खरवडलं की आत चंदेरी!

मुद्दाम करतात का? बल्बच्या बाबतीत केलंय. १९२४ साली जिनिव्हात मोठमोठ्या बल्ब कंपन्यांनी संगनमत करून बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड. मिक्सरमागे असा कट असेल असं मला वाटत नाही, स्वस्ताईच पुरेशी आहे. माझा राग आहे तो उघडताच न येणाऱ्या वस्तूंवर. काही वॉशिंग मशीनचा बाहेरचा टब वितळवून सांधलेला असतो. आतलं साधं बेअरिंग गेलं तरी म्हणे अख्खा टब बदला!

नवाच घ्यायचा ठरला तर ज्याचे कपलर, कार्बन, बुश बेळगावच्या बाजारात सुटे मिळतात तोच घ्या. घेण्याआधी उलटा करून तळाला स्क्रू आहेत की नुसते खटके, ते बघा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे की.