'फास्ट अँड फ्युरियस' आले तसे बघावेत की कथेच्या क्रमानं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाची परीक्षा झाली, दिवाळीच्या सुट्टीत तिघांनी मिळून ही इंग्रजी पिक्चरची मालिका पहिल्यापासून बघायची आहे. तुम्ही टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी बरीच पाहिली आहे, त्यामुळे उत्तरात कथा फुटली तरी तुम्हाला चालेल. बायको आणि मुलगा मात्र अगदी कोरे आहेत. आणि कुणी सांगतं तिसरा सहाव्यानंतर बघा, तर कुणी म्हणतं जसे आले तसे बघा.

जसे आले तसेच बघा. तिसरा तिसऱ्याच जागी. उलटं करून मी तोंडावर पडलोय, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

सगळा घोळ त्या एका तिसऱ्याचा आहे. २००१ चा पहिला, २००३ चा दुसरा आणि २००६ चा 'टोकियो ड्रिफ्ट'. या तिसऱ्यात जुनं कुणी नाही. शॉन नावाचा शाळकरी पोरगा टोकियोला जातो, हान नावाचा एक निवांत माणूस त्याला हाताशी धरतो, आणि एका पाठलागात गाडी उलटून हान जातो. पहिल्यात डॉम झालेला विन डीझेल अगदी शेवटी येऊन तोंड दाखवतो, बस. पण दिग्दर्शक जस्टिन लिनचा हानवर जीव होता, प्रेक्षकांचाही जडला. मग २००९ च्या चौथ्यात हान हसतखेळत हजर! मेलेल्याला आणायचं कसं? तर हे सगळं टोकियोच्या आधी घडलंय असं ठरवून टाकायचं. २०११ चा पाचवा आणि २०१३ चा सहावाही मग टोकियोच्या आधीचेच झाले. म्हणून कथेच्या हिशेबानं क्रम लागतो १, २, ४, ५, ६, ३ आणि मग २०१५ चा ७.

हा क्रम कागदावर फार हुशार वाटतो. मलाही वाटला होता. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ताईचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे इंदूरला, सुदामानगरात, राहायला आला होता. तेरा वर्षांचा. आमच्या मराठीत मधूनच 'भिया' (म्हणजे भाऊ) आलं की तो खुदकन हसायचा. मी कालनिर्णयच्या जुन्या पानामागं स्केचपेननं तक्ता काढला, फ्रिजवर चिकटवला, आणि रोज रात्री जेवणं आटोपली की एक पिक्चर. आई लसूण सोलत शेजारी बसायची.

सहाव्यापर्यंत झकास चाललं. सहावा संपला, नावं वर सरकायला लागली, मी रिमोट शोधतोय तोवर मध्येच एक तुकडा आला. टोकियोचा रस्ता, हानची केशरी-काळी माझदा, बाजूनं येऊन आदळलेली गाडी, आणि तिच्यातून शांतपणे उतरून चालू लागणारा जेसन स्टेथम. ज्यानं तिसरा आधी पाहिलाय त्याच्या अंगावर इथं काटा येतो, कारण सात वर्षं आपण ज्याला अपघात समजत होतो तो खून निघतो. भाच्याचा चेहरा मात्र कोराच. "मामा, हा आत्ता कुठे गेला? आणि मेला का?"

दुसऱ्या दिवशी तिसरा लावला. आता हान मरणार हे त्याला ठाऊक, कोण मारणार हे ठाऊक, गाडी कुठली हेही ठाऊक. हान पडद्यावर आला की हा म्हणणार, "जाणार आता." आई म्हणाली, "अरे, पण काल गेला ना हा? आज पुन्हा का दाखवतायत?" त्यात ते फोन. कथेप्रमाणे हे सगळं सहाव्याच्या नंतरचं, पण टोकियोच्या त्या पोरांच्या हातात उघडझापीचे, बटणांचे फोन. भाच्यानं तेही हेरलं. पाऊण तासात तो आपल्या मोबाइलमध्ये आणि मी माझ्या तक्त्याकडे बघत बसलेला.

तर कथेच्या क्रमाचं खरं दुखणं हे आहे. सहाव्याचं शेपूट तिसऱ्याचा जीव घेतं. पिक्चर करणाऱ्यांनी तो तुकडा तिसरा पाहिलेल्या लोकांसाठीच बनवला होता.

शिवाय आले तसे बघितले की हानचं सगळं वागणंच वेगळं दिसतं. हा माणूस सदानकदा काहीतरी चघळत असतो, आपल्या इंदूरकरांसारखा. त्याच्या हातात चिप्सच्या ऐवजी शेवेची पुडी दिली तर काही फरक पडणार नाही. चौथ्यात तो सहज टोकियोचं नाव काढतो. पाचव्याच्या शेवटी त्याची मैत्रीण जिझेल त्याला विचारते, तुला टोकियोला जायचं होतं ना, आणि तो म्हणतो, जाऊ की कधीतरी. तिसरा न पाहिलेल्याला हे नुसतं बोलणं वाटतं. पाहिलेल्याच्या पोटात कालवतं. कथेचा क्रम वाईट आहे असं नाही, तो दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. तेव्हा सहाव्यात जिझेल गेल्यावर हा एकटा टोकियोला का येऊन राहिलाय, ते मनात ठेवून तिसरा बघता येतो.

दुसरा टाकून द्या असा सल्लाही तुम्हाला मिळेल. विन डीझेल त्यात नाही हे खरं, आणि पिक्चर म्हणून यथातथाच आहे. तरी टाकू नका. रंगपंचमीला आमच्याकडे गल्लीगल्लीतून निघालेल्या गेरी, म्हणजे रंगांच्या मिरवणुका, कशा सगळ्या राजवाड्याला येतात, तसा पाचवा आहे. पहिल्यातून डॉम, ब्रायन, मिया आणि विन्स, दुसऱ्यातून रोमन आणि टेज, तिसऱ्यातून हान, चौथ्यातून जिझेल. रोमन कोण हे माहीत नसेल तर त्याची बडबड नुसती डोकेदुखी होते. माहीत असेल तर त्याचं आणि ब्रायनचं जुनं भांडण आठवून हसू येतं. पाचव्याच्याही शेवटी नावांच्या मध्ये एक तुकडा आहे, त्यातली बाई दुसऱ्यातली आहे. एकूण काय, नावं येऊ लागली म्हणून कुणालाच उठू देऊ नका.

पाचव्याबद्दल थोडं जास्तच लिहितो, कारण इथं मालिकेची जातच बदलते. तोवर शर्यती होत्या, इथून दरोडे सुरू. रिओच्या रस्त्यांवरून दोन गाड्या अख्खी तिजोरी फरफटत नेतात तो प्रकार बघून भाचा सोफ्यावर उभा राहिला होता. त्या रात्री आम्ही अकरा वाजता स्कूटर काढून सराफ्यात गेलो. दागिन्यांची दुकानं बंद, ओट्यांवर खाण्याची दुकानं लागलेली, आणि हा भुट्ट्याचा कीस खाताना मला सांगतोय की एवढ्या वजनाला गाडीचा हुक टिकणारच नाही. हुक टिकत नाहीच, पण त्या वयात हा वाद घालायला मिळाला म्हणजे पिक्चर वसूल.

सातव्याआधी मात्र एक काम करा. तिसऱ्याची शेवटची पंधरावीस मिनिटं पुन्हा लावा. सातव्यात डॉम टोकियोला जाऊन शॉनला भेटतो, आणि तिथं २००६ चं जुनं चित्रण नव्याला जोडलंय. शॉनचं काम करणारा लुकास ब्लॅक एका दृश्यात कोवळा पोरगा असतो आणि लगेच पुढच्यात चांगला बाप्या झालेला. कथेत मध्ये एक रात्रही गेलेली नाही. नुकतं पाहिलेलं असेल तर ही गंमत कळते.

आणि मुलाला एवढं आधी सांगून ठेवा, की ब्रायन झालेला पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ ला गाडीच्याच अपघातात गेला, सातव्याचं चित्रीकरण अर्धवट असताना. उरलेल्या दृश्यांत त्याचे दोन भाऊ उभे राहिले आणि चेहरा संगणकावर बसवला. शेवटी दोन गाड्या शेजारी शेजारी चालतात आणि रस्ता फुटतो. आमच्याकडे तिथं आईनं लसूण खाली ठेवला होता. आधी सांगितलं नसतं तर भाच्यानं नक्की विचारलं असतं, की हा दुसरीकडे का वळला.

पुढचं झटपट. २०१७ चा आठवा करमणूक म्हणून ठीक. २०१९ चा 'हॉब्स अँड शॉ' बाजूची फांदी आहे, नाही पाहिला तरी अडत नाही. २०२१ च्या नवव्यात हान जिवंत परत येतो, कसा ते मला विचारू नका. पण तिथं टोकियोची ती पोरंही येतात, म्हणून तिसरा लक्षात हवा. दुसऱ्या आणि चौथ्याआधीचे दोन लघुपट सोडून द्या.

शोधताना एक घोळ होतो: पहिला 'द फास्ट अँड द फ्युरियस' आणि चौथा नुसता 'फास्ट अँड फ्युरियस'. नावाशेजारचं साल बघूनच लावा. पहिले चार प्रत्येकी पावणेदोन तासांचे, ते शाळा असतानाही रात्री उरकतील. पाचव्यापासून सगळे दोन तासांच्या वर, त्यामुळे ते सुट्टीतच घ्या. २०२३ चा दहावा ऐन रंगात आला की तुटतो, गोष्ट लोंबकळत राहते. तेव्हा सुट्टीच्या शेवटच्या रात्री तो लावू नका, आदल्या दिवशी उरकून टाका. शेवटच्या रात्री पाचवा पुन्हा लावा.