अळी 'कात' टाकते म्हणावे का?

विचारणा अशी आहे: 'कायटिन तयार करणारे जनुक बंद केले की पतंगाची अळी कात टाकू शकत नाही आणि खाणेही सोडते' या वाक्यात सापाची 'कात' अळीला चालेल का? (कायटिन म्हणजे किड्यांच्या कातडीला बळकटी देणारा पदार्थ.)

खुशाल चालेल. पानाला लावतात तो कात, साप टाकतो ती कात. लिंग बदलले की शब्दच वेगळा. ही दुसरी 'कृत्ति'पासून आलेली, म्हणजे चामडे. 'कातडी' तिच्याच भावकीतली. रेशीम शेतकरी मात्र 'अळ्या मोल्टवर (म्हणजे कात टाकायला) बसल्या' असे म्हणतात, आणि 'बसल्या' अगदी नेमके आहे. रेशीम अळी चार वेळा कात टाकते. तेवढा वेळ डोके वर करून निश्चल बसते, खात नाही. पाला थांबवतात, रॅकवर चुन्याची भुकटी भुरभुरतात आणि ९५ टक्के अळ्या उठल्यावरच पुन्हा पाला देतात. आधी दिला तर लवकर उठलेल्या पुढे जातात आणि बॅच लहानमोठी होते.

वाक्यात खोट आहे ती 'आणि'पाशी. तिथे दोन वेगळ्या जनुकांची कामे एकात शिवली आहेत. शिवाय जनुक स्वतः कायटिन करत नाही; ते कायटिन सिंथेज या विकराची (एन्झाइमची) कृती सांगते, आणि साखरेचे छोटे घटक जोडून कायटिनची साखळी ओवते ते विकर.

पहिले जनुक, 'ए' किंवा 'एक', कातडीचे. श्वासनलिका आणि आतड्याचा पुढचा-मागचा भागही त्याच्याकडे, म्हणून अळीने टाकलेल्या कातेबरोबर त्यांचे अस्तरही बाहेर येते. हे बंद पडले की नवी कातडी कच्ची राहते, जुनी सुटत नाही आणि अळी तिच्यातच अडकून मरते. कोषापर्यंत पोचलीच तर पंख वेडेवाकडे.

दुसरे, 'बी' किंवा 'दोन', मधल्या आतड्याचे. तिथे खाल्लेल्या पाल्याभोवती कायटिनचा झिरझिरीत पडदा असतो. खरखरीत चोथा आणि जंतू तो आतड्याच्या पेशींपासून दूर ठेवतो. तंबाखूवरच्या शिंगी अळीत हे जनुक खाताना चालू असते, कात टाकताना आणि उपाशी असताना थंडावते. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यात २००५ साली दोन्ही वेगवेगळी बंद करून पाहिली: पहिल्याने कात अडली, दुसऱ्याने अळ्या खाणे सोडून आक्रसल्या आणि उपासाने मेल्या. भुंगेरा पतंग नव्हे, पण विभागणी तीच. पतंगाच्या अळीत मात्र हा प्रयोग हट्टी, कारण जनुक बंद करण्यासाठी खाऊ घातलेला दुपदरी आरएनए तिच्या अल्कधर्मी आतड्यात लवकर तुटतो.

फवारणीच्या माहितीपत्रकातही हा फरक जपायला हवा. लुफेन्युरॉन, नोव्हॅल्युरॉन ही औषधे पहिल्या जनुकाच्या विकरावर काम करतात. फवारल्यावर अळी पुढची कात येईपर्यंत खातच राहते, आणि 'औषध लागू पडले नाही' म्हणून दुसऱ्याच दिवशी दुसरे मारले जाते. म्हणून ते लहान अळ्यांवरच मारायचे, आणि पत्रकात 'खाणे तत्काळ थांबते' असे लिहायचे नाही.

'चिटिन' लिहू नका. मूळ ग्रीक 'खितोन', म्हणजे अंगरखा. 'च' तिथे नाहीच. वाक्य असे करा: 'कायटिन सिंथेजचे पहिले जनुक बंद केले की अळीची कात अडते; दुसरे बंद केले की तिचे खाणे सुटते.'