घोड्याचा ‘हाफ ब्रदर’ म्हणजे सावत्र भाऊ का?

प्रश्न असा आलाय की रेसच्या घोड्यांवरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करताना ‘सी द स्टार्स हा गॅलिलिओचा हाफ ब्रदर’ याचं ‘सावत्र भाऊ’ असं केलं तर चालेल का, आणि त्याच लेखात जवळजवळ प्रत्येक घोड्याच्या नावापुढे ‘बाय अमुक, आउट ऑफ तमुक’ असं शेपूट असतं ते मराठीत कसं आणायचं. जाता जाता ‘स्टेक्स’ला काही शब्द आहे का असंही विचारलंय.

सावत्र नको. म्हणजे अगदी चूक म्हणता येणार नाही, पण मराठी वाचकाच्या डोक्यात नेमकं उलटं चित्र उभं राहील. सावत्र हा शब्द सवतीच्या घरातला, सवत म्हणजे सपत्नी, एकाच नवऱ्याची दुसरी बायको. तिचा मुलगा तो सावत्र भाऊ. बाप एक, आया दोन. पुढे शब्द सैल झाला, सावत्र बापही म्हणायला लागलो आपण, पण ‘ते दोघं सावत्र भाऊ’ एवढंच ऐकलं तर आजही आपण बाप एकच धरून चालतो की नाही? थरोब्रेड, म्हणजे रेसच्या खास जातीच्या, घोड्यांच्या जगात बरोबर याच्या उलट चालतं. तिथे हाफ ब्रदर म्हणजे आई एक, बाप वेगळे. आणि बाप एक, आया वेगळ्या असं असेल तर त्यांना भाऊ म्हणतच नाहीत, हाफ नाही, क्वार्टर नाही, काहीच नाही, नुसतं ‘बाय द सेम सायर’, एकाच बापाचे, म्हणून सोडून देतात.

तुमच्या वाक्यातलीच जोडी घ्या. अर्बन सी नावाची घोडी, १९९३ ची आर्क, म्हणजे पॅरिसची प्री द लार्क द त्रिऑम्फ ही मोठी शर्यत, जिंकलेली. तिला सॅडलर्स वेल्सपासून गॅलिलिओ झाला, १९९८ मध्ये, त्याने २००१ ची एप्सम डर्बी, म्हणजे इंग्लंडची मोठी शर्यत, मारली. त्याच घोडीला केप क्रॉसपासून सी द स्टार्स झाला, २००६ मध्ये, आणि त्याने २००९ ला टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि आईचीच आर्क अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. एकाच आईचे दोन डर्बीविजेते. हे हाफ ब्रदर. गॅलिलिओच्या पाठचा ब्लॅक सॅम बेलामी, त्याचेही आईबाप तेच, म्हणून तो फुल ब्रदर, आणि इथे आपला ‘सख्खा’ अगदी चपखल बसतो, काही डोकं चालवावं लागत नाही.

आता दुसरी बाजू बघा. २०१६ ची आर्क शांतिईला झाली (तिचं नेहमीचं मैदान लाँगशाँ, तिथे बांधकाम चालू होतं म्हणून), तिच्यात पहिली फाउंड, दुसरा हायलंड रील, तिसरा ऑर्डर ऑफ सेंट जॉर्ज. तिघेही गॅलिलिओची पोरं, तिघांच्या आया वेगळ्या. मराठी हिशोबाने सावत्र बहीण-भावांनी पहिले तीनही नंबर घरात आणले, केवढी मोठी बातमी! पण रेसच्या भाषेत ती बहीण-भावांची बातमी होतच नाही, बातमी होते ती बापाची, गॅलिलिओने वन-टू-थ्री दिला अशी.

हे असं का, तर साधा जननाचा हिशोब आहे. घोडीचं गाभणपण अकरा महिन्यांचं, वर्षाला एकच शिंगरू, मध्ये एखादं वर्ष रिकामं जातं, सगळं धरून आयुष्यात दहा-बारा पोरं झाली तर भरपूर. पैदाशीचा नावाजलेला घोडा मात्र एकाच मोसमात शंभर-दीडशे घोड्या करतो, काही त्याहून जास्त, आणि काही तर उत्तर गोलार्धातला मोसम संपला की विमानाने दक्षिणेत जाऊन तिथला मोसम करतात. तेही सगळं नैसर्गिक बरं का, थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, तसं झालेलं शिंगरू थरोब्रेड म्हणून नोंदलंच जात नाही. तर अशा बापाची पोरं शेकड्याने, नंतर हजारावर जातात. त्या सगळ्यांना एकमेकांचे भाऊ म्हणायला लागलात तर भाऊ या शब्दाला अर्थच उरणार नाही, लिलावात उभा राहिलेला प्रत्येक दुसरा घोडा कोणातरी विजेत्याचा भाऊ निघेल. आईकडून नातं निघालं तर मात्र ते मोजक्यांचंच, म्हणून त्याला किंमत.

आणि किंमत अगदी शब्दशः. लिलावाच्या कॅटलॉगचं पान पाहिलंत तर वर पेडिग्री म्हणजे वंशावळ, मग बापाबद्दल एक छोटा परिच्छेद, आणि बाकी पान सगळं आई, आईची आई, तिची आई आणि त्यांची पोरं यांनी भरलेलं. स्टेक्स रेस (म्हणजे वरच्या दर्जाच्या शर्यती) जिंकणाऱ्यांची नावं ठळक कॅपिटलमध्ये, दुसरे-तिसरे आलेल्यांची ठळक पण साध्या अक्षरात, याला ब्लॅक टाइप म्हणतात. (देवनागरीत कॅपिटल नाहीत त्यामुळे ही मजा मराठीत उतरायची नाही, ठळक आणि अतिठळक करून बघा हवं तर, शोभणार नाही.) आईच्या खाली एक जरी ब्लॅक टाइप आला, म्हणजे एक भाऊ नाहीतर बहीण मोठी निघाली, की शिंगराचा भाव चढतो. खाण तशी माती हे तिथे शब्दशः हिशोबात धरतात.

त्यामुळे नात्यांची गंमत अशी होते की रेसच्या घोड्याला मामा आणि मावशी असतात, काका आणि आत्या जवळपास नसतातच. इंग्रजीत सगळे अंकल नि आंट, तिथे घोळ होऊ शकतो, आपल्याकडे शब्दच वेगळे असल्यामुळे अनुवाद मुळापेक्षा स्वच्छ होईल. उदाहरणार्थ अर्बन सीची आई अलेग्रेटा, तिला किंगमाम्बोपासून झालेला किंग्ज बेस्ट, २००० सालची टू थाउजंड गिनीज जिंकलेला. तो अर्बन सीचा भाऊ म्हणजे गॅलिलिओ आणि सी द स्टार्स दोघांचा मामा. इंग्रजीत अंकल दिसलं की डोळे मिटून मामा लिहा, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबर येईल. आता कोणी म्हणेल, फ्रँकेल हा गॅलिलिओचा मुलगा, मग सी द स्टार्स त्याचा काका झाला की नाही? झाला, तर्काने झाला, पण फ्रँकेलच्या पानावर सी द स्टार्सचं नाव सापडणार नाही, तिथे काइंड या त्याच्या आईचं गोत दिसेल.

एका ठिकाणी मात्र मराठी लंगडी पडते. आईच्या बापाला इंग्रजीत डॅमसायर किंवा ब्रूडमेअर सायर असा खास शब्द आहे आणि पेडिग्रीत त्याचं वजन मोठं. सेक्रेटेरिएट, १९७३ ची अमेरिकेतली बेलमाँट शर्यत ३१ लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे साधारण एका घोड्याची लांबी) आणि २ मिनिटं २४ सेकंदांत जिंकणारा, पैदाशीत त्याचं नाव मुलग्यांपेक्षा मुलींनी जास्त राखलं. ए. पी. इंडी, स्टॉर्म कॅट, गॉन वेस्ट हे पुढे गाजलेले तीन पैदाशीचे घोडे सगळे त्याच्या मुलींचे मुलगे. इथे नुसतं आजोबा लिहिलं तर कळत नाही कुठल्या बाजूचे. मातामह लिहिलं तर पोथी वाचल्यासारखं वाटतं. मी ‘आईचा बाप’ असंच सरळ लिहीन, किंवा एखाद्या मोकळ्या लेखात ‘आजोळचा आजोबा’, तेही वाईट नाही.

आता बाय आणि आउट ऑफ. बाय म्हणजे बापाकडून, आउट ऑफ म्हणजे आईच्या पोटचा, आणि ही दोन्ही कधी बदलत नाहीत, आउट ऑफच्या पुढे घोड्याचं नाव दिसलं तर ती छापणाऱ्याची चूक समजा. यासाठी नवा शब्द घडवायची काहीच गरज नाही, आपल्या कथा-कीर्तनात ही रचना तयार पडलीये. कुंतीला सूर्यापासून कर्ण झाला. बघा, आई ‘ला’, बाप ‘पासून’, झालं काम. तसंच अर्बन सीला सॅडलर्स वेल्सपासून गॅलिलिओ झाला. वर मी हेच वापरत आलोय, तुम्हाला खटकलं असेल तर सांगा. फक्त एक सांभाळा, आपल्याकडे ‘दशरथाला कौसल्येपासून राम झाला’ असंही उलटं चालतं, त्यामुळे पूर्ण लेखभर एकच पद्धत ठेवा, ‘ला’ म्हणजे घोडी आणि ‘पासून’ म्हणजे घोडा, नाहीतर नवख्या वाचकाला केप क्रॉस घोडा की घोडी तेच कळायचं नाही.

आणि कुंती निघालीच आहे तर हाफ ब्रदर समजावायला तिच्याइतकं सोपं उदाहरण नाही. कर्ण सूर्याचा, धर्म यमाचा, भीम वायूचा, अर्जुन इंद्राचा, चौघांची आई एक. कॅटलॉगच्या नियमाने हे चौघं हाफ ब्रदर्स, आणि नकुल-सहदेव, जे आपण पांडव म्हणून हक्काने धरतो, ते माद्रीचे म्हणून या पानावरून बाहेर! अश्विनीकुमारांची पोरं असून घोड्यांच्या पानावर जागा नाही. तिकडे दशरथाच्या घरी राम आणि भरत यांचं काही नातंच लागत नाही, लक्ष्मण-शत्रुघ्न तेवढे फुल ब्रदर्स. भीम-मारुती दोघे वायुपुत्र, तेही कोणी नाहीत एकमेकांचे.

बाय द वे कायद्याच्या भाषेतही हा भेद केलाय. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ मध्ये हाफ ब्लड म्हणजे पूर्वज एक पण त्याच्या बायका वेगळ्या, म्हणजे आपलं सावत्र, आणि आई एक पण नवरे वेगळे याला वेगळा शब्द, युटेराइन ब्लड. म्हणजे रेसवाले ज्याला हाफ म्हणतात ते कायद्यात हाफ नाहीच. तेव्हा वकील असलेला वाचक तर ‘अर्धरक्त’ वगैरे वाचून आणखीच फसेल, तेही नको.

मग लिहायचं काय? सहोदर असं कोणीतरी सुचवेल, व्युत्पत्तीने एकदम फिट आहे, एका उदरातले, पण आज सहोदर म्हटलं की सख्खाच समजतात त्यामुळे फुल ब्रदर आणि हाफ ब्रदर यातला फरक पुसला जाईल. माझं मत, पहिल्यांदा येईल तिथे ‘एकाच आईचा भाऊ’ असं लिहून पुढे हाफ ब्रदर तसाच ठेवा, रेस वाचणारे सगळे तोच बोलतात. किंवा वाक्यच फिरवा, ‘गॅलिलिओच्या आईचाच दुसरा मुलगा सी द स्टार्स’, हे तर उत्तमच.

स्टेक्सचं फार काही नाही. मुळात घोडेमालक आपापले पैसे एकत्र टाकायचे आणि जिंकणारा ते उचलायचा, ते पैसे म्हणजे स्टेक्स, आपल्याकडे ‘पण’ किंवा ‘पैज’. पण आता बक्षिसात बाहेरची रक्कम बरीच असते, आणि हा शब्द वरच्या दर्जाच्या शर्यतींचं नाव होऊन बसलाय, युरोपात त्यात ग्रुप वन, टू, थ्री, अमेरिकेत ग्रेड. बेलमाँट स्टेक्सची बेलमाँट पैज केलीत तर लोक हसतील. स्टेक्सच ठेवा. आणि १७८० पासून चालू असलेल्या एप्समच्या डर्बीच्या नावातही मुळात स्टेक्स आहे, आपण म्हणत नाही एवढंच.

तसंच थरोब्रेडचं ‘शुद्ध जातीचा’ करू नका कृपया. थरोब्रेड हे एका विशिष्ट जातीचं नाव आहे, जिच्यातले सगळे घोडे बापाच्या बाजूने मागे गेलात तर डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क या तिघांपैकी एकावर जाऊन थांबतात. शुद्ध अरबी घोडाही शुद्ध जातीचा असतो, पण तो थरोब्रेड नसतो. आणि वंशावळीच्या बाबतीत ही मंडळी बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर यातली, आता डीएनए जुळल्याशिवाय स्टड बुकात, म्हणजे जातीच्या नोंदवहीत, नोंदच होत नाही. ‘जातिवंत’ हे गुणवर्णन म्हणून वापरा की खुशाल, ‘जातिवंत थरोब्रेड’ सुद्धा चालेल, त्यात द्विरुक्ती वाटली तरी कानाला बरं लागतं.

राहिला थ्री-पार्ट्स ब्रदर, तुमच्या लेखात फ्रँकेल आहे म्हणजे तोही येणार. बुलेट ट्रेन आणि फ्रँकेल, दोघांची आई काइंड. फ्रँकेलचा बाप गॅलिलिओ, बुलेट ट्रेनचा बाप सॅडलर्स वेल्स, म्हणजे गॅलिलिओचाच बाप. तर आई एक आणि बाप एकमेकांचे बाप-लेक, म्हणून हाफच्या वर पण फुलच्या खाली, पाऊण भाऊ. माणसांच्या नात्यात सांगायला गेलं तर बुलेट ट्रेन आईकडून फ्रँकेलचा भाऊ आणि बापाकडून काका होतो आणि प्रकरण भलतीकडे जातं, तेव्हा इथे ‘पाऊण भाऊ’ असं अवतरणात लिहून एका ओळीत फोड करा आणि पुढे चला. तसाही त्याची ओळख वाचकाला पेसमेकर म्हणूनच जास्त लागेल, १४ पैकी १४ शर्यती जिंकलेल्या धाकट्यासाठी पुढे पळून वेग लावून द्यायचं काम तो करायचा.